उजवीकडचे आकडे

शैलाताई खुर्चीत कधी पुऱ्या बसल्या नाहीत. खुर्चीच्या पुढच्या कडेवर नुसत्या टेकायच्या. एक पाय जमिनीवर, दुसरा चपलेतून काढून टेबलाच्या दांडीवर, आणि तोही हलता. एक पत्रिका संपली की दुसरी घेण्याआधी उठून दारात जाऊन उभ्या. दारातून दिसायचं काय, तर समोरचं खताचं दुकान आणि कुर्डुवाडी गाडीची वाट बघत ताटकळलेली माणसं. मी एकदा विचारलं, "ताई, रोज काय बघता ओ तिथं?" तर म्हणाल्या, "काय न्हाय. पाय बसलेत का ते बघते."

मी त्याच प्रेसमध्ये कटिंग मशीनवर होतो. मी बैठा माणूस. एकदा बूड टेकलं की मला भूकंपानंच उठवावं. शैलाताईंच्या उठबशीत माझं बसणं झाकलं जायचं, त्यामुळं आमचं बरं जमलं. मालकांना वाटायचं, गाळ्यात सारखं काहीतरी चालू आहे. चालू असायच्या त्या फक्त शैलाताई.

प्रेस म्हणजे परंड्यात स्टँडजवळचा एक गाळा. पुढं टेबल, त्यावर पिवळा पडलेला कॉम्प्युटर, मागं माझं मशीन आणि कागदाच्या थप्प्या. तुळशीचं लग्न लागलं की तिथं पाय ठेवायला जागा नसायची. आमच्या भागात लग्नपत्रिका म्हणजे नवरा-नवरी आणि तारीख एवढ्यावर भागत नाही. पणजोबांपासून सुरुवात. मग चुलते, मामा, साडू, मेहुणे, भाऊबंद, व्यवस्थापक, कार्यवाहक, आणि सगळ्यात खाली "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला येत नाही, आणि आलाच तर जेवत नाही. मग त्याची समजूत काढायला नवरीच्या बापाला ऐन हळदीच्या दिवशी दारोदार फिरायची वेळ येते. त्यामुळं पत्रिका टाईप करणाऱ्या बाईला परंड्यात डॉक्टरच्या खालोखाल मान होता.

नावं सांगायला सगळं घर यायचं. दोघं-तिघं एकदम बोलायचे, त्यात एक रागावलेला असायचा. शैलाताई तोंडात बडीशेप टाकायच्या, नजर दाराबाहेर लावायच्या आणि हात सोडून द्यायच्या. कॉम्प्युटरकडं बघायच्याच नाहीत. सांगणाऱ्याच्या तोंडातून नाव सुटायच्या आत पडद्यावर उमटलेलं असायचं. आडनावाला अडखळलेल्या माणसाला त्या स्वतःच आडनाव सांगायच्या, कारण त्याच्या थोरल्या भावाची पत्रिका त्यांनीच केलेली असायची.

एक प्रश्न मात्र त्या हमखास विचारायच्या. नावाच्या आधी "कै." लावायचं की नाही हे कळायला हवं ना. तर कुठलंही म्हातारं नाव आलं की बाहेर बघतच विचारायच्या, "हयात हायत का?" एकदा मुलीचे आजोबा म्हणून एक नाव आलं, ताईंनी विचारलं, "हयात हायत का?" तर कोपऱ्यातल्या बाकड्यावरून आवाज आला, "म्या हाय की इथं बसलेला." ताईंनी मान वळवून त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मग बरं झालं." आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यांच्या डोक्यात कधी काय येईल याचा नेम नसायचा. भूम तालुक्यातले दोन भाऊ एकदा कार्यवाहकांच्या ओळीत आपलं नाव आधी यावं म्हणून आमच्या गाळ्यात हमरीतुमरीवर आले. थोरला म्हणे मी थोरला, धाकटा म्हणे खर्च माझा. शेजारी शेजारी दोन रकाने करू म्हटलं, तर डावा मोठा की उजवा यावर पुन्हा जुंपली. ताई उठल्या, दारात जाऊन आल्या, टेकल्या, आणि मधोमध कलशाचं चित्र घेऊन त्याच्या भोवतीनं सगळी नावं गोल फिरवली. म्हणाल्या, "आता सांगा, गोलात पयलं कोण असतं? पत्रिका ज्याच्या हातात, त्यानं आपल्याकडनं सुरू करावी." दोघं भाऊ पत्रिका फिरवून फिरवून वाचत बसले आणि गप झाले. त्या हंगामात प्रत्येकाला गोलच पाहिजे झाला. न भांडणारे लोकसुद्धा गोल मागायला लागले. कटिंगला मला वैताग आला, पण ताईंना भारी मजा वाटत होती.

आता त्यांच्या टायपिंगचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या जुन्या फॉन्टवर काम करायच्या. त्यात अर्धी अक्षरं बटणांवर असतात आणि उरलेल्यांना बटणंच नसतात. विशेषतः जोडाक्षरं. त्यासाठी डाव्या हातानं आल्टचं बटण दाबून धरायचं आणि उजवीकडं आकड्यांचा जो वेगळा चौकोन असतो, त्यावर त्या अक्षराचा नंबर मारायचा. सिद्धेश्वरातला द्ध वेगळा नंबर, विद्येतला द्य वेगळा. असे कितीतरी. आमच्या जिल्ह्यातले सगळे जुने टायपिस्ट असेच शिकले. ताईंना कुठलाच नंबर तोंडानं सांगता यायचा नाही, पण उजवा हात कधी चुकला नाही.

एका उन्हाळ्यात लाईट गेली, आली, पुन्हा गेली आणि आली ती भलत्याच दाबानं. कॉम्प्युटरमधून जळका वास आला. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि नुसती मान हलवली. मालक दोन दिवस घुटमळले, मग एकदाचे बोलले. "ताई, आता पत्रिका मोबाईलवर येती, गाणं वाजवत. पोरं घरच्या घरी करत्यात. नवा कॉम्प्युटर घेऊन मी काय करू? गाळा भाड्यानं देतो." मालक वाईट माणूस नव्हता. त्यांनी मलाही त्याच दिवशी तेच सांगितलं, आणि खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटलं नाही. मला घरी बसायला आवडतं.

शैलाताईंचं तसं नव्हतं. त्यांचे यजमान, आमचे दाजी, एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यापासून ते ओट्यावरच्या बाजेवर जे बसले ते बसलेच. आयुष्यभर गाडी चालवली, आता हलायचं नाही, असा त्यांचा हिशोब. बायकोनंही आता शेजारी बसावं एवढीच त्यांची इच्छा. ते म्हणाले, "लई केलंस. आता बस की घरी." त्यात माया होती, पण ताईंच्या अंगावर काटा आला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या माझ्या दारात. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच एका पायावरून दुसऱ्या पायावर होत बोलल्या.

"दत्ताभाऊ, मला घरी बसवलं तर मी मरंन ओ. खरंच मरंन. बाजेवर दोघं बसून काय करायचं? मी माझा लॅपटॉप घेते. घरी पत्रिका टाईप करते, छापून भायेरनं आणते. भिशी लागलीय माझी, तेवढ्यात बसंल असा बघायचा. तुमी चला संगं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मला तरी कुठं कळतंय? दोघं असलं की दुकानदार जरा दबून ऱ्हातो."

अशी आमची वरात निघाली. परंड्यात एक दुकान, ते पाच मिनिटांत संपलं. मग बार्शी. मग धाराशिव. मी एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपायचो आणि ताई गाडी थांब्याला लागायच्या आधीच दारात उभ्या. दुकानात पोरगं धडाधड बोलायला लागायचं, रॅम एवढी, जनरेशन एवढी, स्क्रीन अशी चकाचक. ताई हात वर करून त्याला थांबवायच्या. "बंद कर तो."

"मॅडम, चालू करून दाखवतो ना."

"नको. चालू असला की डोळ्याला भूल पडती. बोटाला काय लागतंय ते बघू दे मला."

आणि बंद लॅपटॉपसमोर उभ्या राहून, डोळे मिटून, त्या काळ्या पडद्यावर आख्खी पत्रिका टाईप करायच्या. तोंडानं पुटपुटायच्या, "आमचे येथे श्रीकृपेकरून..." दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहायची. मी लांब जाऊन चार्जर बघत असल्याचं नाटक करायचो. कुठल्याचं बटण खाली जातच नव्हतं, कुठल्याचं गेलं की वर येत नव्हतं. आणि बहुतेकांना तो आकड्यांचा चौकोनच नव्हता. धाराशिवात एकानं सफरचंदाच्या खुणेचा जुना, वापरलेला, पातळ लॅपटॉप काढला. अगदी दागिना. म्हणाला, पुण्याच्या साहेबाचा आहे, तुम्हाला स्वस्तात देतो, एकदा ह्याच्यावर आलात की परत दुसरीकडं जाणार नाही. ताईंनी त्याच्यावरून हात फिरवला, उजवीकडं चाचपडल्या आणि म्हणाल्या, "देखणा हाय. पण ह्याला उजवा हातच न्हाय." आम्ही बाहेर पडलो. बाहेर आल्यावर ताई फणफणल्या, मोठ्यांदा. लोकांनी लॅपटॉप पातळ करायच्या नादात माणसाची कामाची जागाच कापून टाकली, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. भूक लागली होती, त्यामुळं मला तेव्हा काहीही पटलं असतं.

शेवटी सोलापुरात सापडला. सेकंडहँड, काळा, जाडजूड, वजनाला पाट्यासारखा. पण बटणं खणखणीत आणि उजवीकडं आकड्यांचा आख्खा चौकोन. ताईंनी बंद पडद्यावर दोन पत्रिका केल्या, जोडाक्षरांसकट. त्यांचा चेहरा उजळला. दुकानदार भला होता, म्हणाला, "ताई, ह्या किमतीत ह्याच्यावर विंडोज नाही मिळणार. दुसरी सिस्टिम टाकलेली आहे, फुकटातली. चालतीय मस्त."

"टायपिंग हुतंय न्हवं?"

"होतंय की. मराठी तर आतच आहे."

"मग फुकटातली असंल तर बरंच की," ताई म्हणाल्या. भिशी बरोबर पुरली. येताना त्यांनी लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला नाही. मला तर वडापाव स्वतःच्या हातानं आणून दिला, आणि बार्शी येईपर्यंत अखंड बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी मोबाईल दुकानातल्या पोराकडून त्यांनी पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला प्रेसचा जुना फॉन्ट त्यात टाकून घेतला. मी बघायला गेलो होतो. दाजी बाजेवरून उठून आत आले होते, म्हणजे प्रसंग मोठा होता. ताईंनी बडीशेप तोंडात टाकली, नजर खिडकीबाहेर लावली आणि हात सोडले. "आमचे येथे" आलं. पुढं जोडाक्षर आलं, डावा हात आल्टवर गेला, उजव्यानं नंबर मारला. ताई तशाच पुढं गेल्या, कारण त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. मी बघत होतो. जिथं जोडाक्षर यायला हवं, तिथं काहीच नव्हतं. ओळ संपली तेव्हा ती दात पडलेल्या तोंडासारखी मधे मधे मोकळी दिसत होती.

"ताई," मी म्हटलं, "थांबा जरा."

त्यांनी बघितलं. परत आल्ट दाबला, परत नंबर मारला. मग हळू मारला. मग जोरात. मग नुसता नंबर, नुसता आल्ट. काही नाही. त्यांनी सोलापूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दुकानदारानं सगळं उलगडून सांगितलं. आल्टचे नंबर हे विंडोजवरचं शिक्षण, ह्या सिस्टिमला ते माहीत नाही. जुनी विंडोज आता मिळत नाही, नवी टाकायची तर पैसे लागतील आणि हे मशीन तिला ओढणार नाही. हिच्यात मराठी आहे, सगळी जोडाक्षरं येतात, पण बटणांची जागा वेगळी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. "म्हणजे टायपिंग नव्यानं शिकावं लागंल, ताई. तुम्ही चालू करून बघितलाच नाही. मी दाखवणार होतो."

ताईंनी फोन ठेवला. "म्या बंद करून बघितला," त्या म्हणाल्या. "एवढी सगळी दुकानं हिंडले आन चालू करून बघितला न्हाय म्या."

मला त्यांच्याकडं बघवेना. एवढी वर्षं ज्या हाताकडं त्यांना कधी बघावं लागलं नव्हतं, तो हात मांडीवर घेऊन त्या बघत बसल्या होत्या.

दाजी म्हणाले, "दे विकून. बस आता घरी. काय कमी हाय आपल्याला?"

"तुमी बसा," ताई म्हणाल्या. "तुमचं बसून जमतंय."

पुढचे दिवस वाईट गेले. सकाळी किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं त्या भराभरा चालताना दिसायच्या, परत यायच्या, लॅपटॉप उघडायच्या, उठायच्या, पुन्हा चालायला. दिवसातून किती वेळा, कुणास ठाऊक. लोक विचारायचे, "काय ताई, साखर निघाली का?" मी एकदा गेलो तर एका बोटानं क शोधत होत्या. मी चेष्टेनं म्हटलं, "पहिलीत बसवलं व्हय तुमाला?" एरवी त्यांनी मला सोलून काढलं असतं. त्या दिवशी हसल्यासुद्धा नाहीत.

"भाऊ, आपल्याच गल्लीत यावं आन सगळ्यांनी घरं बदललेली असावीत, तसं झालंय. मी सवयीनं दार वाजवते, भलताच माणूस भायेर येतो." मग बोटांकडं बघत म्हणाल्या, "आन नावं मला सगळी येत्यात ओ. हातच येत न्हाय."

अशातच ईट गावचे नाना आले. नाना म्हणजे मोठे बागायतदार, पण बोलणं मऊ. त्यांची स्वतःची पत्रिका ताईंच्या आधीच्या टायपिस्टनं केलेली, पण त्यांच्या दोन्ही थोरल्या मुलींच्या ताईंनीच. आता धाकटीचं लग्न. प्रेस बंद बघून विचारत विचारत ते घरी आले. मी तिथंच होतो. मी खोकलो, डोळ्यांनी खुणावलं, पण ताई माझ्याकडं बघायलाच तयार नाहीत.

"शनिवारी दुपारी या सगळे," त्या म्हणाल्या. "हुतंय."

नाना गेल्यावर मी म्हटलं, "ताई, कसं हुतंय? एकेका अक्षराला अडताय तुमी. त्यांना बार्शीला पाठवा."

"ही पत्रिका बार्शीला गेली की माझ्याकडं परत कुणीच येत न्हाय," ताई म्हणाल्या. "मग बाज हायच."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या शनिवारी. त्यानंतरच्या आठवड्यात मी मुलीकडं जळकोटला राहायला आलो आणि अजून परंड्याला जाणं झालेलं नाही.

नाना आले, त्यांच्या कारभारीण आल्या, धाकटे भाऊ आले. ताईंनी शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप मांडला होता. बडीशेप नव्हती, खिडकीकडं बघणं नव्हतं. नजर बटणांवर. नानांनी सवयीनं सुरुवात केली, "कै. सिद्धेश्वर विश्वनाथ..." आणि पुढची दोन नावं सांगून थांबले, कारण ताई अजून पहिल्या नावाच्या पोटातच होत्या. खोलीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी भिंतीकडं बघितलं. ताईंच्या कपाळावर घाम आला होता. धाकटे भाऊ कानात काहीतरी कुजबुजले, त्यात बार्शी हा शब्द मला ऐकू आला, म्हणजे ताईंनाही आला असणार.

नाना चांगला माणूस. त्यांनी भावाला हातानं दाबलं, आणि लहान मुलाला सांगावं तसं एक एक अक्षर सोडत बोलायला लागले. "सि... द्धे..."

ताईंनी हात उचलला.

"नाना, बोटं नवी हायत माझी. कान जुनंच हायत," त्या म्हणाल्या. "तुमी तुमच्या चालीनं सांगा. मी येते मागनं."

नानांनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मग घसा खाकरून सांगायला सुरुवात केली. चुलते, चुलत चुलते, मामा, पाव्हणे, भावकी. न थांबता. ताईंचे ओठ हलत होते. बोटांना न पोचलेली नावं त्या तोंडात धरून ठेवत होत्या आणि एक एक करून खाली सोडत होत्या. कधी तीन नावं मागं, कधी सात. नाना मधेच अडले की तेवढ्यात दोन गाठायच्या. दाजींनी स्वतः चहा करून आणला. त्यांच्या हातचा चहा मी पहिल्यांदाच प्यालो. ताईंचा कप तसाच निवला. ऊन खिडकीतून सरकत टेबलावरून खाली गेलं. एवढ्या वेळात त्या एकदाही उठल्या नाहीत. खुर्चीत पार मागं टेकून, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून बसल्या होत्या.

नानांनी शेवटचं नाव सांगितलं, नातवाचं, आणि ते थांबले. आम्ही सगळेच थांबलो. खोलीत फक्त बटणांचा आवाज राहिला. थांबत, अडखळत, पुन्हा सुरू होत. मग तोही थांबला. नानांच्या कारभारणीनं पुढं होऊन पडद्यावरची नावं बोटानं वाचायला सुरुवात केली, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी नवऱ्याकडं बघून मान डोलावली.

ताईंनी पदरानं तोंड पुसलं.

"अजून कुणी ऱ्हायलंय का, नाना? आठवा निवांत," त्या म्हणाल्या. "मी बसलीय."